38 मशीन ‘पुरेशी आहे’ म्हणून सुटल्या: एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

मार्चएण्डच्या तोंडावर आमच्या क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातल्या) 86 व्हर्च्युअल मशीनची (खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं चालवलेल्या संगणकांची) मेमरी एका रात्रीत वाढवायची होती. स्क्रिप्ट मी लिहिली, चालवली आमच्या टीममधल्या नव्या मुलानं. 86 पैकी 47 ठीक झाल्या, 38 ला हातच लागला नाही आणि एकीची मेमरी वाढायच्या ऐवजी 24 जीबीवरून 8 वर आली. हे आम्हाला कळायला सोमवारचे साडेनऊ उजाडले.

कंपनीचं नाव इथं नको. ऑफिस विक्रोळीला, सर्व्हर खाडीपलीकडे महापेच्या डेटा सेंटरमध्ये, आणि काम पैशांच्या व्यवहारांशी जोडलेलं. त्यामुळे 31 मार्चच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे लग्नघर असतं. दरवर्षी त्या दिवसांत ॲप्लिकेशनवाले ‘मशीन कमी पडतेय’ म्हणून ओरडतात. या वर्षी त्यांनी फेब्रुवारीतच यादी पाठवली, तेवढी प्रगती म्हणायची.

मागणी आणि हिशेब

मागणी सरसकट होती: सगळ्यांचं दुप्पट करा, सीपीयूही आणि रॅमही. सीपीयूला मी नाही म्हटलं. व्हर्च्युअल मशीनला चारचे आठ सीपीयू दिले की ती दुप्पट पळते, हा समज फार चिवट आहे. होस्टवरचे (ज्या खऱ्या सर्व्हरवर या मशीन चालतात त्यावरचे) खरे कोअर तेवढेच राहतात. मशीनचे सीपीयू जेवढे जास्त, तेवढं होस्टच्या शेड्युलरला त्यांना जवळपास एकाच वेळी जागा करून देणं अवघड होतं आणि मशीन रांगेत उभी राहते. हा रांगेतला वेळ व्हीसेंटरमध्ये (या सगळ्या मशीन सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘सीपीयू रेडी’ म्हणून दिसतो. 20 सेकंदांच्या नमुन्यात एका सीपीयूमागे 1000 मिलिसेकंद दिसले, तर तो 5 टक्के वेळ नुसता वाट बघण्यात गेला. आमच्या काही मशीन आधीच त्या आकड्याच्या आसपास होत्या. त्यांना आणखी सीपीयू देणं म्हणजे भरलेल्या लोकलच्या डब्यात आठ जणांच्या कुटुंबाला ‘एकत्रच चढा’ म्हणून सांगणं.

मेमरीचं गणित मात्र बसत होतं. सहा होस्ट, प्रत्येकी 512 जीबी. एक होस्ट मेला तरी चाललं पाहिजे म्हणून पाचाचाच हिशेब धरायचा, म्हणजे 2560. तोवर वाटलेली मेमरी 1900 च्या आसपास होती, वाढ साडेपाचशेच्या थोडी आत. बसतं, पण कोपर लागतं. सातवा होस्ट घ्यावा असं साहेबांना सुचवून पाहिलं. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर (आमचं हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतली आणि त्यानंतर कायमस्वरूपी लायसन्स बंद करून सगळं कोअरमागे वर्गणीवर नेलं. आमच्या होस्टमध्ये 24 कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. म्हणजे नवा होस्ट आला की लोखंडाबरोबर 48 कोअरची वर्गणीही आली. साहेबांनी कोटेशन पाहिलं आणि विषय एप्रिलवर ढकलला.

चालू मशीनमध्ये मेमरी वाढवता येते, मग रात्र का जागवायची, हा प्रश्न ॲप्लिकेशनवाल्यांनी विचारला होता आणि तो रास्तच आहे. त्यासाठी ‘हॉट ॲड’ आधीपासून चालू असावं लागतं आणि ते चालू करायला मशीन एकदा बंद करावीच लागते. आमच्या टेम्पलेटमध्ये (नव्या मशीनच्या साच्यात) ते मुद्दाम बंद ठेवलंय. सीपीयूचं हॉट ॲड चालू असलं की मशीनला होस्टची न्यूमा रचना, म्हणजे कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरजवळ आहे ते, दिसत नाही (आमच्या आवृत्तीत तरी), आणि मोठ्या डेटाबेस मशीनला ते महागात पडतं. लहान मशीनना त्यानं काही फरक पडत नाही, मेमरीच्या हॉट ॲडचा तर त्याच्याशी संबंधही नाही. पण टेम्पलेट एकच होतं आणि कुणीतरी दोन्ही टिकमार्क एकदमच काढून टाकले होते. तो कुणीतरी बहुधा मीच.

म्हणून ठरलं: मार्चचा दुसरा शनिवार, रात्री अकरा ते पहाटे चार.

स्क्रिप्ट

86 मशीन हातानं करायच्या म्हणजे प्रत्येकीला बंद करा, सेटिंग उघडा, आकडा बदला, चालू करा, वर आली का बघा. एकीला पाच मिनिटं धरली तरी सात तास झाले, आणि तिसऱ्या तासानंतर माणूस 16 च्या जागी 61 टाकतो. पॉवरसीएलआयमध्ये (पॉवरशेल या स्क्रिप्टच्या भाषेतून चालणाऱ्या व्हीएमवेअरच्या कमांडमध्ये) हेच काम चाळीसेक ओळींत होतं. इम्पोर्ट-सीएसव्हीनं यादी वाचायची, गेट-व्हीएमनं मशीन शोधायची, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला रीतसर शटडाउन सांगायचं, सेट-व्हीएमनं मेमरी बदलायची, परत चालू करायची.

यातल्या शटडाउनच्या पायरीवर नवी माणसं हमखास फसतात. ती कमांड निरोप देऊन लगेच परत येते, मशीन प्रत्यक्ष बंद व्हायची वाट बघत नाही. पुढची ओळ लगेच मेमरी बदलायला जाते आणि मशीन चालू असल्यामुळे लाल अक्षरांत शिव्या खाते. म्हणून मशीन खरोखर बंद झाली का, हे दर दहा सेकंदांनी विचारणारा लूप घातला होता, कमाल पाच मिनिटांचा. पाच मिनिटांत बंद झाली नाही तर ती सोडायची, वीज खेचायची नाही. त्या रात्री एक विंडोज मशीन ‘अपडेट चालू आहेत, बंद करू नका’ म्हणत बावीस मिनिटं बसली. तिच्यासाठी मुलगा तिसऱ्यांदा चहाला जाऊन आला.

आणखी एक काळजी मी घेतली होती. यादी डिसेंबरच्या इन्व्हेंटरीवरून बनली होती. मधल्या काळात कुणी एखाद्या मशीनची मेमरी हातानं वाढवली असेल, तर स्क्रिप्टनं ती खाली आणायला नको. म्हणून एक पहारेकरी ओळ घातली: यादीतला आकडा आत्ताच्या मेमरीपेक्षा मोठा असेल तरच बदल कर, नाहीतर लॉगमध्ये ‘पुरेशी आहे, सोडली’ असं लिहून पुढे जा. ही ओळ लिहून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

चाचणी पाच मशीनवर गुरुवारी केली. पाचही 4 वरून 8 वर जाणाऱ्या, कारण त्या बिनमहत्त्वाच्या होत्या आणि दिवसा बंद करता येत होत्या. पाचही नीट झाल्या. (त्या पुन्हा मूळ आकड्यावर आणून यादीत तशाच ठेवल्या.)

शनिवारची रात्र

दहा-दहाच्या तुकड्या केल्या होत्या. डेटाबेसवाल्या मॅडम घरून फोनवर, ॲप्लिकेशनचे दोघं चॅटवर, आम्ही दोघं ऑफिसात. पहिल्या तीन तुकड्या इतक्या सरळ गेल्या की मुलगा म्हणाला, “सर, हे तर दीडलाच संपेल.” मी त्याला असं बोलू नये म्हणून सांगितलं.

चौथ्या तुकडीत सात मोठ्या मशीन होत्या, 16 वरून 32 वर जाणाऱ्या. पाच चालू झाल्या, दोन होईनात. व्हीसेंटरचा निरोप असा, की स्वॅप फाइल 0 केबीवरून पुढे वाढवता आली नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला पंधरा मिनिटं गेली, कारण आम्ही मेमरी शोधत होतो आणि कमी पडली होती डिस्क.

होतं असं. ईएसएक्सआयवर (होस्टवरच्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरवर) मशीन चालू होताना होस्ट तिच्यासाठी डेटास्टोअरवर, म्हणजे मशीनच्या फायली ठेवायच्या डिस्कवर, एक स्वॅप फाइल तयार करतो, खरी मेमरी कमी पडली तर वापरायला. तिचा आकार म्हणजे मशीनला दिलेली मेमरी वजा तिच्यासाठी राखीव ठेवलेली मेमरी. आमच्याकडे राखीव शून्य, म्हणजे 32 जीबीच्या मशीनला 32 जीबीची फाइल. मशीन बंद झाली की फाइल जाते, चालू झाली की परत येते. सातही मशीन एकाच डेटास्टोअरवर होत्या. तिथं 75 जीबी मोकळे होते, सातही बंद झाल्यावर जुन्या फायलींचे 112 सुटले, एकूण 187. पाच मशीननी 160 खाल्ले. उरले 27, आणि सहावीला हवे 32.

रॅमचा हिशेब मी तीनदा तपासला होता. रॅम वाढवली की डिस्कही लागते हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या आठवड्यात ते आठवलं नाही.

पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणानं. त्या डेटास्टोअरवरच्या बाकीच्या मशीनच्या डिस्क ‘थिन’ आहेत, लागेल तशी जागा घेणाऱ्या. डेटास्टोअर पूर्ण भरला असता तर जिला लिहायला नवी जागा लागली ती प्रत्येक मशीन जागच्या जागी थिजली असती, त्यात यादीत नसलेल्याही आल्या. 27 जीबी हे रात्री दोन वाजता पुरेसे वाटत नाहीत.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “माझ्या दोन मशीन खाली आहेत एवढं मला दिसतंय. कारण नंतर सांगा, आधी वर आणा.” बरोबरच होतं. दोन्ही मशीनची सगळी मेमरी राखीव करून टाकली, म्हणजे 32 वजा 32, स्वॅप फाइल शून्य. होस्टवर तेवढी खरी मेमरी मोकळी होती, त्यामुळे दोन्ही लगेच चालू झाल्या. पुढच्या आठवड्यात स्टोरेज व्हीमोशननं तीन मशीन दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवल्या आणि राखीव मेमरी काढून घेतली. ती तशीच विसरली असती तर होस्ट पडण्याच्या दिवशी तिनं वेगळी गंमत केली असती.

या गडबडीत तीन वाजले. उरलेल्या तुकड्या भराभर गेल्या. खरं तर फारच भराभर, कारण त्यातल्या बहुतेक मशीनना स्क्रिप्टनं हातच लावला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी मुलानं लॉग वाचला आणि विचारलं, “सर, 38 मशीन ‘पुरेशी आहे’ म्हणून सुटल्या. बरोबर ना?”

मी म्हटलं, “असतील. यादी डिसेंबरची आहे. लोकांनी मधे वाढवल्या असतील.”

86 पैकी 38. एवढ्या मशीन कुणी गुपचूप वाढवल्या असत्या तर क्लस्टरचा माझा हिशेब आधीच चुकला असता, आणि तो मी तीनदा तपासला होता. पण अडचण सुटली की माणसाला पुढची अडचण दिसत नाही. शिवाय रविवारी मेगाब्लॉक होता आणि मुलाला डोंबिवलीला जायचं होतं. आम्ही पहाटेच्या लोकलनं निघालो.

सोमवार

साडेनऊला शाखांतून फोन सुरू झाले, रिपोर्ट उघडत नाहीत. रिपोर्ट सर्व्हर चालू होता, पण नुसता धापा टाकत होता. जाव्हाची हीप (जाव्हाच्या प्रोग्रामला वापरायला दिलेली मेमरी) 16 जीबी ठरवलेली आणि मशीनची मेमरी 8. सगळा कारभार मेमरीऐवजी लिनक्सच्या स्वॅपवर, म्हणजे डिस्कवर, लोळत होता. जानेवारीत अशाच एका तक्रारीनंतर तिला कुणीतरी 24 जीबी दिले होते. आमच्या डिसेंबरच्या यादीत ती 4 जीबीची होती आणि तिच्यापुढे लक्ष्य लिहिलं होतं 8.

म्हणजे नेमकी तीच परिस्थिती, जिच्यासाठी पहारेकरी ठेवला होता. त्यानं चोराला सलाम करून आत सोडलं होतं.

दुपारी दीडला, जेवणाच्या वेळेत, रिपोर्ट सर्व्हर बंद करून परत 24 वर नेला. बारा मिनिटं गेली. मग आम्ही दोघं स्क्रिप्ट घेऊन बसलो. ओळ वाचून दोघांनाही चूक दिसेना. यादीतला आकडा आत्ताच्या मेमरीपेक्षा मोठा आहे का, असंच तिथं लिहिलं होतं. शेवटी मुलानं पॉवरशेलच्या काळ्या खिडकीत नुसतं टाइप केलं: अवतरणचिन्हांत 16, मग ‘जीटी’, मग 8. म्हणजे 16 हा 8 पेक्षा मोठा आहे का.

उत्तर आलं, फॉल्स.

अवतरणचिन्हं काढून तेच टाइप केलं. ट्रू.

इम्पोर्ट-सीएसव्ही यादीतला प्रत्येक रकाना मजकूर म्हणून वाचतं, आकडा म्हणून नाही. आणि पॉवरशेल तुलना करताना डावीकडची बाजू कोणत्या जातीची आहे ते बघतं आणि उजवीकडचीला त्या जातीत ओढतं. माझ्या ओळीत डावीकडे यादीतला मजकूर होता, उजवीकडे मशीनची खरी मेमरी. त्यामुळे 8 चाही मजकूर झाला आणि तुलना अक्षरांच्या क्रमानं झाली. काही ॲपमध्ये फायली नावानं लावल्या की फोटो-1 नंतर फोटो-10 येतो आणि मग फोटो-2, तसंच. ‘16’ ची सुरुवात 1 नं, ‘8’ ची 8 नं, म्हणून 16 लहान. ‘12’ ही लहान. उलट ‘8’ हा ‘24’ पेक्षा मोठा, कारण 8 हे 2 पेक्षा मोठं.

मग लॉग परत वाचला तर सगळं आरशासारखं लख्ख. 4 वरून 8: बरोबर. 16 वरून 32: 3 हे 1 पेक्षा मोठं, म्हणून बरोबर. 8 वरून 12 किंवा 16: सगळ्या सुटल्या, मोजून 38. आणि गुरुवारच्या चाचणीत पाचही मशीन 4 वरून 8 वर जाणाऱ्या. दोन्हीकडे एकेक अंक असला की मजकुराची तुलना आणि आकड्यांची तुलना एकच उत्तर देते. आम्ही चाचणीला नेमक्या त्याच निवडल्या होत्या, जिथं चूक दिसूच शकत नव्हती.

ओळ माझी होती, हे साहेबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पुढच्या शनिवारी होईल ना?” मुलगा मात्र दिवसभर गप्प होता. शनिवारी रात्री त्यानं बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता. हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

पुढचा शनिवार

दुरुस्ती म्हटली तर एका शब्दाची: यादीतल्या मजकुराला आधी पूर्णांक करून घ्यायचं. पण एवढ्यावर भागवायची माझी छाती नव्हती.

लॉगमध्ये आधी फक्त ‘8 केली’ असं येत होतं. आता प्रत्येक मशीनपुढे तीन आकडे येतात: आधी किती होती, किती हवी होती, आणि बदलानंतर व्हीसेंटरला परत विचारल्यावर किती निघाली. ‘24, 8, 8’ अशी ओळ असती तर झोपेतही खटकली असती. मशीन आता नावानं नाही, व्हीसेंटरच्या आतल्या क्रमांकानं शोधतो. महापे आणि राखीव साइट अशा दोन्ही व्हीसेंटरना एकदम जोडलेलं असलं तर एकाच नावाच्या दोन मशीन सापडू शकतात आणि स्क्रिप्ट मुकाट्यानं दोघींवर हात फिरवते. आमचं तसं झालं नाही, केवळ नशीब म्हणून. बदल करण्याआधी स्क्रिप्ट डेटास्टोअरची मोकळी जागाही बघते आणि नव्या स्वॅप फायली धरून दीडशे जीबीच्या खाली जाणार असेल तर अख्खी तुकडी नाकारते.

मला सगळ्यात कामाची वाटली ती मुलाची कल्पना. त्यानं मुद्दाम बिघडवलेली यादी तयार केली. तिच्यात मेमरी कमी करणारी एक ओळ, 8 वरून 16 ची एक, 8 वरून 12 ची एक, अस्तित्वातच नसलेल्या मशीनची एक, आणि एका रकान्यात आकड्यापुढे ‘जीबी’ लिहिलेली एक. स्क्रिप्टनं दोन कराव्यात आणि तीन नाकाराव्यात, नाकारण्याचं कारणही बरोबर द्यावं. पहिल्या फेरीत ‘जीबी’वाल्या ओळीवर ती कोसळली. ते दुरुस्त केलं. आता स्क्रिप्टला कुणीही हात लावला की आधी ही यादी चालवायची असा नियम आहे. ती फाइल त्यानं ‘वांड पोरं’ या नावानं ठेवली आहे.

38 मशीन अडीच तासांत झाल्या. डेटाबेस आधी, मग ॲप्लिकेशन, मग वेबच्या. काही घडलं नाही.

मार्चएण्ड पार पडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सहज बघितलं तर त्या 38 पैकी 20 मशीन वाढवलेल्या मेमरीला शिवल्याच नव्हत्या. जाव्हाची हीप जुनीच ठेवली होती. मशीनला 16 जीबी दिले तरी जाव्हाला 5 च्या वर जाऊ नको म्हणून सांगितलं असेल, तर बाकीची मेमरी शोभेलाच. ॲप्लिकेशनच्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही वाढवणार होतात ना?”

आता त्यांची मेमरी परत घ्यायची आहे. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘कमी करायला परवानगी’ असा वेगळा खटका केला आहे, तो ओढल्याशिवाय ती खाली जात नाही. वीसही मशीनच्या मालकांना मेल गेला आहे. दोघांचं उत्तर आलं. दोघांनीही मेमरी आणखी वाढवून मागितली आहे.